ब्रेल अक्षरं कॉपी-पेस्ट करून पाठवावीत का?

हा प्रश्न बहुधा असा असतो: मराठी मजकूर एखाद्या कन्व्हर्टरमध्ये टाकला, आलेली ब्रेल अक्षरं कॉपी केली आणि दृष्टिहीन मित्राला पाठवली, तर त्याला वाचता येतील ना?

नका पाठवू. साधी मराठीच पाठवा. त्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचणारा प्रोग्रॅम, ती बोलून दाखवतो आणि ब्रेल डिस्प्ले (बोटांखाली ठिपके वरखाली करणारं उपकरण) जोडलेला असेल, तर तिचं ब्रेलही स्वतःच करतो. तुम्ही पाठवलेल्या ब्रेल खुणा मात्र तो ‘ठिपके १, ३, ४’ असं काहीतरी म्हणत वाचतो, नाहीतर सरळ गाळतो.

स्क्रीन रीडरचा दोष नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, १९९९ सालापासून ब्रेलच्या २५६ खुणा आहेत, पण त्या ठिपक्यांच्या मांडण्या आहेत, अक्षरं नव्हेत. ठिपके १, ३, ४ (थोडक्यात १३४) म्हणजे मराठीत म आणि इंग्रजीत एम. यातलं कुठलं, हे खुणेत कुठेच नोंदवलेलं नसतं.

या खुणांचा युनिकोड क्रमांक काढायची पद्धत मात्र सुरेख आहे. ठिपके १ ते ८ यांना अनुक्रमे १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ अशा किमती. असलेल्या ठिपक्यांची बेरीज करायची आणि १०२४० मध्ये मिळवायची. म साठी १ + ४ + ८ = १३, म्हणून १०२५३. प्रोग्रॅम लिहिणारे हमखास चुकतात ते सातव्या ठिपक्याला. डावा उभा स्तंभ १, २, ३, ७ आणि उजवा ४, ५, ६, ८ असा आहे, कारण मूळ सहा ठिपक्यांना खालची जोडी नंतर चिकटवली गेली.

खरी गंमत भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये आहे. अक्षराला अक्षर बदलत गेलात तर फसाल. ‘भक्ती’ टाइप करताना हलन्त क नंतर येतो, ब्रेलमध्ये तो (ठिपका ४) क च्या आधी लागतो. क्रम फिरवला नाही, तर वाचणाऱ्याच्या बोटाखाली क पूर्ण येतो आणि त चा पाय मोडतो. उलट दिशेने, म्हणजे ब्रेलवरून मराठी करताना, ‘रणगाडा’ टाकून बघा. ण आणि अंकचिन्ह (पुढे आकडा आहे हे सांगणारी खूण) दोन्ही ३४५६. ग आणि सात दोन्ही १२४५. कच्चा कन्व्हर्टर ‘र७ाडा’ हातात ठेवतो. म्हणून हे काम लिबलुईसारख्या मुरलेल्या लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) सोपवावं. तिच्यात मराठीचा तक्ता आहे.

मग या युनिकोड खुणा कशासाठी? ठिपके डोळ्यांना दाखवायला: पाठ्यपुस्तकात, तक्त्यात, मुद्रितशोधनात. तिथेही फॉन्ट तपासा. काही फॉन्ट नसलेल्या ठिपक्यांच्या जागी पोकळ वर्तुळं काढतात आणि लहान आकारात सगळेच ठिपके भरलेले वाटतात. शब्दांमध्ये नेहमीची स्पेस दिलीत तर तिची रुंदी सेलएवढी (एका ब्रेल खुणेच्या चौकटीएवढी) नसते आणि ओळी सरकतात. त्यासाठी रिकामी ब्रेल खूण आहे, क्रमांक १०२४०. पण संगणक तिला स्पेस मानत नाही; शब्द वेगळे करणारा किंवा कडेच्या मोकळ्या जागा छाटणारा कोड तिला हात लावत नाही.

एम्बॉसरवर, म्हणजे ब्रेल छापण्याच्या यंत्रावर, सहसा बीआरएफ, म्हणजे छपाईसाठी तयार ब्रेलची फाइल जाते. तिची तऱ्हा निराळी. सहा ठिपक्यांच्या ६४ मांडण्यांना कीबोर्डवरचीच ६४ चिन्हं नेमून दिली आहेत. ‘राम’ तिथे आर, > आणि एम असा दिसतो, कारण काना म्हणजे ३४५ आणि त्याचं चिन्ह >. फाइल उघडल्यावर कचरा दिसला म्हणून ती बिघडली असं समजू नका. ओळी आधीच तोडलेल्या असाव्या लागतात. रूढ माप ४० सेलची ओळ आणि २५ ओळींचं पान. आणि ही फाइल वर्ड प्रोसेसरमध्ये उघडून सेव्ह करू नका. तिथे सरळ अवतरणचिन्ह आपोआप वळणदार होतं. सरळ एकेरी चिन्ह म्हणजे ठिपका ३, दुहेरी म्हणजे ठिपका ५. वळणदार चिन्हांना या ६४ मध्ये जागाच नाही. नोटपॅडसारखा साधा एडिटर वापरा.