गाभण कालवड कोणत्या रकान्यात?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा मी धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात पशुवैद्यक म्हणून कामाला होतो. माणसांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढलं. दावणीची जनावरं मागं राहिली. ज्यांना दावं कापायला वेळ मिळाला त्यांची काही वाचली, बाकीची गोठ्यातच बुडाली.

पाणी ओसरलं तसे पंचनामे सुरू झाले. तलाठी, ग्रामसेवक, गावातले दोन पंच आणि मी. मदतीचे दर ठरलेले असतात, तेव्हा ते असे होते : दुधाळ गाय-म्हैस ३७,५०० रुपये, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००. चांगली संकरित गाय बाजारात याच्या दुपटीनं जाते हे प्रत्येक गवळ्याला ठाऊक आहे. तरी हातात काहीच नसताना हे पैसे मोलाचे असतात, म्हणून पंचनाम्यातला एकेक शब्द तोलून लिहावा लागतो.

नदीकाठच्या एका वस्तीवर एका मावशींच्या दोन गाई आणि एक कालवड गेली होती. गाई फुगलेल्या, पण कानातले ओळख क्रमांकाचे पिवळे बिल्ले शाबूत. बाराही आकडे पुसून वाचता आले. आपल्या राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ला नसेल तर आपत्तीत मेलेल्या जनावराची भरपाई मिळत नाही, त्यामुळे कान हातात धरला की आधी जीव धाकधुकतो. कालवडीच्या कानातही बिल्ला होता. तलाठी भाऊसाहेबांनी ‘वासरू, २०,०००’ असं लिहायला घेतलं.

मावशी इतका वेळ गप्प होत्या. तेवढ्यात म्हणाल्या, “डॉक्टर, वासरू कशानं? दोन म्हैन्यानं विणार व्हती ती.”

मी शवविच्छेदनाला बसलो. श्वासनलिकेत फेस आणि गढूळ पाणी, म्हणजे मरण बुडूनच. मग गर्भाशय उघडलं. आत सगळे अवयव घडलेलं वासरू होतं, खुरं तयार, शेपटीच्या टोकाला केस आलेले. साधारण सात महिन्यांचं. मोबाइलवर सरकारी पशुनोंदणीत बिल्ल्याचा नंबर टाकला तर फेब्रुवारीतल्या कृत्रिम रेतनाची नोंद निघाली. हिशेब तंतोतंत जुळला.

आता ती लिहायची कुठं? दूध देत नाही म्हणून दुधाळ नाही, आणि जिच्या पोटात सात महिन्यांचं वासरू आहे ती स्वतः वासरू कशी? दुधाचा धंदा करणाऱ्याला विचारा, व्यायला दोन महिन्यांवर आलेली कालवड म्हणजे त्याचा पुढच्या वर्षाचा पगार असतो. तिला दोन-अडीच वर्षं खाऊ घातलेलं असतं आणि तिनं अजून एक रुपयाही परत दिलेला नसतो. माझ्या मते तिचं नुकसान दुभत्या गाईपेक्षा तसूभरही कमी नाही. मी ‘दुधाळ’मध्ये लिहिलं आणि शेऱ्यात सात महिन्यांची गाभण, रेतनाची तारीख, शवविच्छेदनातला गर्भ, सगळं नोंदवलं. भाऊसाहेबांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि सही केली. मग जेसीबीनं खड्डा घेतला, चुना टाकला, तिन्ही जनावरं पुरली.

अपेक्षेप्रमाणे वरून विचारणा आली : दूध नाही तर दुधाळ कशी? मी रेतनाची नोंद आणि फोटो जोडून पाठवले. प्रकरण मंजूर झालं, तिन्ही जनावरांचे पैसे मावशींच्या खात्यावर आले.

पलीकडच्या वस्तीवर एकाची अशीच गाभण कालवड वाहून गेली. धड सापडलं नाही, आणि तिचं रेतन खाजगीत केलेलं, नोंद कुठंच नाही. तो शपथेवर सांगत होता, शेजारी साक्षीला उभे होते, पण गाभणपणाचा कागद मी कुठून आणणार? त्याची वासरातच लिहावी लागली. त्या दोन कालवडींत फरक होता तो मोबाइलवरच्या एका ओळीचा, १७,५०० रुपयांचा. रेतन कुणाकडूनही करून घ्या, ती ओळ बिल्ल्याच्या नंबरावर चढली का ते त्याच दिवशी विचारा, आणि तीन महिन्यांनी गाभण तपासणी झाली की तीही चढवून घ्या.