फायनलच्या आदल्या दिवशीची सुनावणी

सोलापूरच्या कोर्टात माझे बहुतेक दावे शेतजमिनीच्या वाटपाचे. कॉलेजात असताना फुटबॉल खेळायचो, एवढ्या ओळखीवर एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या शिस्तपालन समितीवर माझं नाव लागलं. एरवी तिथे काम म्हणजे लाल कार्डं आणि वयाचे खोटे दाखले. गेल्या एप्रिलात मात्र वेगळंच प्रकरण आलं.

सेमीफायनलमध्ये कॉर्नरच्या वेळी एका इंजिनिअरिंग कॉलेजकडून खेळणाऱ्या मणिपूरच्या मुलाने समोरच्या संघाच्या स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावपटूला, ढकललं आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. संध्याकाळी त्याची लेखी तक्रार आली. स्टॉपर त्याला ‘चिंकी, नेपाळला जा’ म्हणाला आणि माकडासारखे आवाज काढले, असे दोन आरोप होते.

रात्री आयोजकांचा फोन. “वकीलसाहेब, उद्या दोघांना बोलवा, हात मिळवायला लावा, एक फोटो काढू. परवा फायनल आहे.”

मी नाही म्हणालो. आरोप खरा असेल तर त्या मुलाने हात का मिळवायचा? आणि खोटा असेल तर स्टॉपरने तरी का? चौकशी न करता केलेला समझोता दोघांवरही अन्याय करतो, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या नियमपुस्तिकेत या विषयावर एकच ओळ आहे: गैरवर्तन झाल्यास समिती निर्णय देईल. म्हणून त्या रात्री मी इंग्लंडमधली जुनी प्रकरणं काढून बसलो. 2011 मध्ये लिव्हरपूल क्लबच्या लुईस सुआरेझवर मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराने वंशभेदी शिवीचा आरोप केला. तिथल्या आयोगाने सुआरेझला आठ सामन्यांची बंदी आणि 40 हजार पौंड दंड केलाच, पण त्यामागची कारणं 115 पानांत लिहून जाहीरही केली. कोणाचं काय ऐकलं, कोणावर का विश्वास ठेवला, सगळं त्यात आहे. त्याच वर्षीच्या, चेल्सी क्लबच्या जॉन टेरीच्या अशाच प्रकरणात फौजदारी कोर्टाने त्याला 2012 च्या जुलैत निर्दोष सोडलं, तरी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने सप्टेंबरमध्ये चार सामन्यांची बंदी घातली. आमच्या बार रूममध्ये यावर वाद झाला असता. पण कोर्टाला वाजवी संशयापलीकडचा पुरावा लागतो. शिस्तीच्या चौकशीत दोन्हींपैकी जास्त शक्य काय, एवढं पाहतात. आणि आरोप टिकला नाही असंही होतं. रेफ्री मार्क क्लॅटनबर्गवर 2012 च्या ऑक्टोबरमध्ये चेल्सीने असाच आरोप केला होता. संघटनेने नोव्हेंबरमध्ये त्याला दोषमुक्त केलं, पण तोवर तो मैदानाबाहेरच होता.

सकाळी पहिलं काम केलं ते समितीचं. तिघांपैकी एक सदस्य स्टॉपरच्याच कॉलेजच्या संस्थेवर आहेत. त्यांना म्हटलं, “साहेब, तुम्ही आज बाजूला राहा.” त्यांना राग आला, पण उठले. मग तक्रारीची झेरॉक्स स्टॉपरच्या हातात दिली आणि उत्तर द्यायला दुपारपर्यंत वेळ दिला. नेमके कोणते शब्द, कोणत्या मिनिटाला, हे आरोप झालेल्याला आधी कळायलाच हवं.

हा स्टॉपर पोरगा सोलापूरच्या पूर्वभागातला, घरी तेलुगू बोलणारा. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. स्पोर्ट्स कोट्यातून भरतीची आशा धरून बसलेला. पंख्याखालीही त्याच्या बनियनपर्यंत घाम आला होता. “सर, माझं करिअर जाईल. आणि मला पण लहानपणापासून तेलंगी म्हणून चिडवतात, मी कधी कंप्लेंट केली का?”

त्याच्या टीमने सात जबाब आणले. सातही कागदांवर तेच वाक्य, ‘सदर खेळाडूने कोणताही अपशब्द वापरलेला नाही’, आणि सातही ठिकाणी ‘अपशब्द’मधला श पोटफोड्या ष. एकाने लिहून द्यायचं, बाकीच्यांनी उतरवायचं. तलाठ्यासमोरचे पंचनामे वर्षानुवर्षं वाचणाऱ्याला हे ओळखायला वेळ लागत नाही. कागद बाजूला ठेवले आणि एकेकाला आत बोलावलं. काय ऐकलं ते विचारलंच नाही. कॉर्नरच्या वेळी तू कुठे उभा होतास, एवढंच विचारलं. चार जण हाफलाइनच्या मागे निघाले. गोलकीपर जवळ होता. तो बराच वेळ खाली बघत राहिला, मग म्हणाला, “नेपाळला जा म्हणाला, सर. आवाज त्याने नाही काढला. आवाज गोलच्या मागून पब्लिकमधून आला.”

लाइन्समनलाही स्वतंत्र विचारलं. त्यानेही आवाज जाळीमागून आल्याचं सांगितलं. बोलणं त्याच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं.

मग तक्रारदाराला बोलावलं. मागून आलेला आवाज आणि समोरच्याचे शब्द एकाच क्षणी कानावर पडले, तर माणूस दोन्ही समोरच्याच्याच नावावर लिहिणार. तो खोटं बोलत नव्हता. मी तसं निर्णयात स्पष्ट लिहिलं, कारण ‘सिद्ध झालं नाही’ याचा अर्थ ‘तक्रार खोटी’ असा लावायला आपल्याकडे लोक टपलेले असतात.

पहिला आरोप सिद्ध, दुसरा नाही. फिफाच्या शिस्त नियमांत वंशभेदी शिवीगाळीला किमान दहा सामन्यांची बंदी आहे. एक सदस्य म्हणाले, तीच लावू. मी विरोध केला. खेळाडूंना आधी न सांगितलेली शिक्षा नंतर शोधून आणायची नाही. फायनल धरून तीन सामने, यावर एकमत झालं. जाळीमागच्या प्रेक्षकांबद्दल आयोजकांना वेगळी ताकीद दिली.

मणिपूरच्या मुलाचं लाल कार्ड कायम राहिलं. ही गोष्ट मला सगळ्यात जड गेली. ग्लेन कमारा या खेळाडूला 2021 मध्ये वंशभेदी शिवी देणाऱ्या ओन्द्रे कुडेलाला युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, दहा सामने बाहेर बसवलं, पण कुडेलावर हात उगारल्याबद्दल कमारालाही तीन सामने बसवलं, ते मला आजही बोचतं. आमच्या मुलाने ढकललं होतं हे खरंच होतं, म्हणून नेहमीची एक सामन्याची शिक्षा ठेवली, जास्त एक मिनिटही नाही. त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, “गाली उसने दी, सजा मुझे भी?” मी त्याला दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून सांगितल्या. त्याला पटलं नाही, आणि पटायलाच हवं असंही मी म्हणणार नाही. दोघांनाही अपिलाचा अर्ज दिला.

निर्णय पाच पानी झाला. आयोजकांना नोटीस बोर्डावर फक्त शेवटचं पान हवं होतं. मी पाचही लावायला लावली. संध्याकाळी स्टॉपर वडिलांना घेऊन आला. वडिलांना वाचता येत नव्हतं, त्याने चौथं पान मोठ्याने वाचून दाखवलं, माकडाचे आवाज त्याने काढल्याचा आरोप सिद्ध झाला नाही, ते. मग तिसरं पानही वाचलं, स्वतःहून. वडिलांनी त्याच्याकडे बघून तेलुगूत काहीतरी कडक सुनावलं आणि मला विचारलं, “साहेब, ह्या दोन्ही पानांची झेरॉक्स कॉलेजात द्यायची हाय. शिक्का मारून मिळंल का?”

शिक्का मारून दिला.