स्थळाची चौकशी आणि दवाखान्याचं काउंटर

कोथरूडला एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. नंबर लावायचे, केसपेपर काढायचे, पैसे घ्यायचे, लॅबचे रिपोर्ट आले की फाइलला लावायचे. ही कामं कुणालाही शिकवता येतात. तोंड बंद ठेवणं मात्र रोज नव्याने जमवावं लागतं आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून लिहितेय.

लग्नं जमवायच्या दिवसांत हमखास एखाद्या काकू येतात, हातात औषधाची चिठ्ठी असते पण काम वेगळंच असतं. "अगं, ते आमच्या मागच्या सोसायटीतले तुमच्याकडेच येतात ना? त्यांच्या मुलाचं स्थळ आलंय आमच्या पुतणीला. तसं काही नाहीये ना गं?" तसं काही म्हणजे फिट येणं, कोड, डोक्याच्या गोळ्या, किंवा नाव न घेता विचारायचं असं अजून काही. पत्रिका जुळली, पगार कळला, फ्लॅट बघून झाला, आता एवढंच राहिलंय. काकूंच्या मनात वाईट काही नसतं, पोरीची काळजीच असते, म्हणून तर नाही म्हणणं जड जातं.

आता समजा मुलगा ठणठणीत आहे. जिभेवर येतंच की काही नाही हो काकू, सर्दीखोकल्याशिवाय कधी आला नाही तो. यात कुणाचं काय बिघडलं असं वाटतं, पण बिघडतं. पुढच्या महिन्यात दुसरं कुणीतरी एका मुलीबद्दल विचारायला येईल, तिला खरंच फिटच्या गोळ्या चालू असतील, आणि मी नुसतं "सांगता येत नाही" म्हटलं की त्यांना उत्तर मिळालंच ना! म्हणून चांगलं असो वाईट असो, सगळ्यांना एकच वाक्य, "आमच्याकडे कुणाबद्दलच सांगत नाहीत काकू, तुम्ही त्यांनाच विचारा." इथे येतात की नाही हेसुद्धा मी सांगत नाही. आमच्याकडे ठीक आहे, सगळेच येतात, पण मानसोपचाराच्या दवाखान्यात कुणी नुसतं "हो येतात" म्हटलं तरी सगळं सांगून झालं.

मग मुलीला फसवलं तर चालेल का, असं एकींनी मला रागाने विचारलं होतं. प्रश्न खरा आहे आणि तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे. १९९८ च्या एका निकालात असंच होतं, एचआयव्ही असल्याचं हॉस्पिटलकडून कळलं आणि लग्न मोडलं, तेव्हा कोर्टाने होणाऱ्या बायकोच्या जिवाची बाजू घेतली. नंतर २०१७ मध्ये एचआयव्हीचा वेगळा कायदा झाला. त्यात जोडीदाराला सांगायची वाट ठेवलीये पण ती डॉक्टर किंवा समुपदेशकासाठी. आधी पेशंटला समजवायचं की तू स्वतः सांग, तो सांगणारच नाही अशी खात्री झाली तर मी सांगणार आहे असं त्यालाच आधी कळवायचं, आणि मग जोडीदाराला समोर बसवून. त्यात काउंटर कुठेच नाही आणि काकूही नाहीत. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांतही तेच आहे, पेशंटचं गुपित उघड करायचं नाही, कोर्टाचा आदेश असेल, एखाद्या ठरावीक माणसाला किंवा समाजाला गंभीर धोका असेल किंवा टीबीसारखा सरकारला कळवायचा आजार असेल तरच. टीबी २०१२ पासून कळवावाच लागतो, पण सरकारला. सोसायटीच्या ग्रुपला नाही. करोनात ग्रुपवर कशी नावं फिरायची ते आपण सगळ्यांनीच बघितलंय.

बाहेरच्यांना नाही म्हणणं एक वेळ सोपं, घरातल्यांना नाही म्हणणं महाकठीण. आमच्याकडे एकेका घराच्या तीन पिढ्या येतात, त्यामुळे आई हक्काने विचारते काल माझी लेक कशाला आली होती. लेक बावीस वर्षांची आहे. नवरा म्हणतो बायकोचा रिपोर्ट द्या, मी घेऊन जातो. तिने आधी सांगितलं असेल तर देते, नाहीतर तिला फोन करून विचारते, कुणी रागावलं तरी. गर्भपाताचंच बघा, बाई अठराच्या वरची असेल तर कायद्याने फक्त तिची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही, आणि तिचं नाव बाहेर फोडलं तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे किती घरांत माहीत आहे?

उलट जे पेशंटचं आहे ते त्याला द्यायला मात्र लोक टाळाटाळ करतात, याचा मला फार राग येतो. त्याच २००२ च्या नियमांत आहे की ॲडमिट पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे आणि पेशंटने मागितले की बहात्तर तासांत द्यायचे. सेकंड ओपिनियनला जायचंय म्हटलं की फाइल सापडत नाही, सर बाहेर गेलेत, असली उत्तरं देऊ नयेत. आणि जुने कागद रद्दीत देताना निदान फाडून तरी द्या, नाव, वय, पत्ता, आजार सगळं त्यावर असतं.

सध्या मला सगळ्यात जास्त काळजी व्हॉट्सॲपची वाटते. लॅबवाले पीडीएफ पाठवतात, पण केसपेपरवरचा नंबर कुणाचा असतो? सासूबाईंच्या पेपरवर सुनेचा, बायकोच्या पेपरवर नवऱ्याचा, कॉलेजच्या मुलीच्या पेपरवर बाबांचा, कारण दहा वर्षांपूर्वी पेपर काढला तेव्हा तिच्याकडे फोनच नव्हता. म्हणजे मी इकडे कितीही गप्प बसले तरी रिपोर्ट आपोआप दुसऱ्याच्या हातात. आता कुणीही आलं की मी नंबर परत विचारते, रिपोर्ट याच नंबरवर पाठवू ना, आणि तेही हळू आवाजात, कारण बाकावर आठ जण बसलेले असतात. तुमच्या दवाखान्यात आणि लॅबमध्ये कुणी विचारत नसेल तर पुढच्या खेपेला तुम्हीच सांगा आणि स्वतःचा नंबर लिहून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.