गॅदरिंगला शेवटपर्यंत बसा की हो!

डिसेंबर लागला की आमच्या कोल्हापुरात घरोघरी एकेकच गाणं वाजायला लागतं आणि ते पण अर्धंच, कारण शाळेनं ग्रुपवर टाकलेला ट्रॅकच तेवढा असतोय. आमच्याकडं सध्या कोळीगीत चालू आहे. दप्तर भरताना, दात घासताना, जेवता जेवता मधेच उठून पोरगी वल्हं मारतेय. सासूबाई पण आता पोळ्या लाटताना ताल धरायला लागल्यात.

लोक म्हणतात, चार तास कोण बसणार त्या गॅदरिंगला! मी बसते. आणि मनापासून सांगते, मला त्याच्याइतकी मजा कुठल्याच कार्यक्रमात येत नाही. बालवाडीचा डान्स बघितलाय का कधी नीट? पडदा उघडला की पहिल्या लायनीतली एक तरी आज्जीला शोधत असते, ती सापडली की दोन्ही हात वर करून टाटा, मग अख्खी लाईन टाटा करते, गाणं एकीकडं चाललंय. एखादा मावळा मिशी ओठावरून घसरून हनुवटीवर आली तरी छाती पुढं काढून उभा. फेटा डोळ्यावर आलेला असतो, समोरचं काही दिसत नसतं, तरी तलवार फिरवायची थांबत नाही, शेजारच्यानं मात्र आपलं बघून लांब उभं राहावं. आणि विंगेत बाई स्वतः सगळा डान्स करत असतात, जीव तोडून. खरं तर त्या कोपऱ्यासाठी वेगळं तिकीट लावलं तरी मी काढीन.

आता नाचता नाचता स्टेजवर पोरांची टक्कर का होते बघा. बाई पोरांकडं तोंड करून शिकवतात. मग काही पोरं आरशात बघितल्यासारखी डावीकडं जातात आणि काही हुशार पोरं बाईंचा उजवा तो आपला उजवा धरून उजवीकडं, आणि स्टेजच्या मधोमध दोन्ही पार्ट्या एकमेकांवर आदळतात. चूक कुणाचीच नाही. म्हणून मला पोरांकडं पाठ करून शिकवणाऱ्या बाई फार आवडतात.

पण एक गोष्ट मला अजिबात पटत नाही, ती म्हणजे आपल्या पोराचा डान्स झाला की उठून जाणं. छोट्यांना झोप येते म्हणून त्यांचे डान्स आधी ठेवतात, ते बरोबरच आहे. पण ते झाले की ड्रेपरीवाल्याचे कपडे परत करायचेत, उद्या ऑफिस आहे, भूक लागलीय असं करत करत खुर्च्या मोकळ्या व्हायला लागतात आणि मोठ्या पोरींचं लेझीम येईपर्यंत हॉलमध्ये त्यांच्या त्यांच्या आया आणि माईकवाला. दिवाळीच्या सुट्टीपासून घाम गाळलेला असतो हो त्या पोरींनी! हलगी कडाडते, चाळीस लेझीम एका ठेक्यात खाली येतात, अंगावर काटा येतो, आणि टाळ्या मात्र मोजून पंधरा माणसांच्या. माझा जीव तुटतो तिथं.

आपलं हे गाव कलाकारांना बघणारं गाव आहे. शाहू महाराजांनी उभं केलेलं १९१५ सालचं थिएटर, ज्याला पुढं गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव दिलं, ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री पेटलं तेव्हा हळहळली ती नुसती नाटकवाली माणसं नव्हती. तोंडाला रंग लावून पहिल्यांदा त्या स्टेजवर उभी राहिलेली पोरं आता कुठं बँकेत, कुठं दुकानात आहेत, त्यांना पण रडू आलेलं. आणि स्वतः केशवराव अगदी लहान वयातच रंगभूमीवर आलेले, समोर बघणारी माणसं होती म्हणूनच ना ते पुढं उभे राहिले!

मोबाईलचं पण तेच. व्हिडिओसाठी सगळ्यांनी उभं राहिलं की मागच्या आज्ज्यांना नुसते स्क्रीन दिसतात. एकानं बाजूला उभं राहून काढावा आणि ग्रुपवर टाकावा, बाकीच्यांनी बसून डोळ्यांनी बघावं.

यंदा आमच्या दुसरीच्या आयांनी ठरवलंय, आमची कोळीगीतं झाली तरी कुणी हलायचं नाही. ड्रेपरी दुसऱ्या दिवशी सकाळी एकजण जाऊन सगळ्यांची देणार, दुकानदाराशी बोलणं झालंय. एकीनं थालीपीठं आणायची, एकीनं दहीभात, मी कांदेपोहे करतेय. झोपलेली पोरं मांडीवर घ्यायची आणि नववीच्या पोरींचं लेझीम सुरू झालं की शिट्ट्या मारायच्या, ज्यांना येत नाही त्यांनी आत्तापासून शिकून ठेवा.