दुपारची बैठक

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारं, म्हणून ओलित फारसं नाही. हरभरा येतो तो काळ्या जमिनीतल्या ओलीवर. कपाशीची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झालेली आणि हरभरा अजून घाट्यावर, असे थोडे मोकळे दिवस माघात मिळतात. तेव्हाच सप्ताह बसतो.

बाहेरगावची पोरं फोनवर आधी विचारतात, यंदा कीर्तनाला कोण? रात्री मांडव भरतो हे खरं. पण सप्ताहाचा जीव सकाळच्या पारायणात आहे, असं मला मनापासून वाटतं.

ज्ञानेश्वरीच्या ९,०३३ ओव्या सात दिवसांत, म्हणजे रोज तेराशेच्या आसपास. काकडा आटोपला की व्यासपीठचालक वाचायला लागतात. पाचवा अध्याय १८० ओव्यांचा, तेरावा अकराशेच्या वर, अठरावा अठराशेच्या वर. त्यामुळे वेग ठेवावाच लागतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली पूर्ण झालेला ग्रंथ; त्याची भाषा शाळेत वाचलेली नाही. माझ्या सासूबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. ओळीखाली बोट धरून वाचतात आणि शेजारणीनं पान उलटलं की आपलंही उलटतात. "हळू वाच वं माय, मले गवसत नाई," असं त्या मला हळूच म्हणायच्या.

म्हणून आम्ही बायकांनी दुपारची बैठक सुरू केली. जेवणं झाली की मंदिराच्या ओसरीत बसायचं आणि सकाळचाच एखादा भाग सावकाश वाचायचा. कुणी अडलं तर सगळ्यांनी थांबायचं.

तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना माउली म्हणतात, कमळावर भुंगा पाय ठेवतो तो केसर चुरगळेल या भीतीनं, तसं जपून चालावं. हे वाचलं आणि सासूबाई थांबल्या. "निंदाले बसलं का पायाखाली किडामुंगी येतेच. मंग आमी कसं करावं?" कुणालाच पटकन उत्तर सुचेना. मग कोपऱ्यातली एक मजूर बाई, जी एरवी बोलत नाही, म्हणाली, "टिटवीचे अंडे दिसले त मी तेवढी जागा सोडून निंदतो. मालक बोलते, बोलू द्या." त्यावर हरिपाठाची वेळ होईपर्यंत बोलणं चाललं. कुणी फवारणीचं काढलं, कुणी धुरा, म्हणजे शेताचा बांध, पेटवण्याचं. इतकं जवळून ती ओवी मी कधीच ऐकली नव्हती.

पुरुषमंडळींना आधी वाटलं, पारायणात अशी चर्चा कशाला. आता व्यासपीठचालक स्वतः येऊन बसतात, अडलेला शब्द सोडवून देतात. यंदा मोठ्या अक्षरांच्या पोथ्याही आणल्या आहेत.

काल्याच्या पंगतीला रोडगे आणि वांग्याची भाजी असतेच, त्यासाठी तुम्ही सगळे येता. जमलं तर एक दिवस आधी या. दुपारी तीनला ओसरीत अठरावा चालू असेल.