पाचशे मीटरचा पट्टा, साडेतीनशे मीटर जमीन

काम साधं दिसत होतं. पाण्याच्या विहिरी, प्रत्येकीभोवती ५०० मीटरचा संरक्षित पट्टा, पट्ट्यात येणाऱ्या इमारतींची यादी, आणि हे सगळं ब्राउझरमध्ये क्लिक करून पाहता येईल असा नकाशा. पट्ट्यांचा लेयर, म्हणजे नकाशावर चढवायचा माहितीचा थर, ग्राहकाकडून आयता आला होता. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर मारून, म्हणजे बिंदूंभोवती ठरावीक अंतराचा पट्टा काढून, जिओजेसन प्रकारची फाइल केलेला. तो लीफलेटवर, म्हणजे ब्राउझरमध्ये नकाशा दाखवणाऱ्या लायब्ररीवर चढवायचा, एवढंच आमच्याकडे होतं.

ग्राहकाला पट्ट्याचं अंतर कमी-जास्त करून पाहायचं होतं, म्हणून विहिरीच्या बिंदूंवर लीफलेटचं सर्कल ठेवलं, त्रिज्या ५००. आलेल्या पट्ट्याची कड त्याच्या कडेवर बसायला हवी होती. पण पट्टा सर्कलच्या बराच आत आकसलेला. एखाद्याच विहिरीवर असं असतं तर बिंदू सरकलाय म्हटलं असतं. इथे केंद्रं तंतोतंत जुळत होती आणि सगळे पट्टे सारख्याच प्रमाणात लहान होते. म्हणजे गडबड जागेची नाही, मापाची.

अशा वेळी पहिली शंका सर्कल आणि सर्कलमार्करच्या अदलाबदलीची घ्यावी. सर्कलची त्रिज्या मीटरमध्ये असते, सर्कलमार्करची पिक्सेलमध्ये. झूम केल्यावरही पडद्यावर आकार तेवढाच राहिला तर मार्कर पडलाय. इथे तसं नव्हतं. मग आलेला लेयर क्यूजीआयएसमध्ये उघडून मोजपट्टी लावली. मोजणीच्या चौकटीत 'कार्टेशियन' (सपाट नकाशावरचं अंतर) निवडलं तर त्रिज्या ५००. 'एलिप्सॉयडल' (पृथ्वीच्या वक्र पृष्ठावरचं अंतर) निवडलं तर ३५३-३५४.

मूळ फाइल मागवली. बिंदूंचा लेयर ईपीएसजी ३८५७ या कोडच्या निर्देशांक-पद्धतीत, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या वेब मर्केटर प्रक्षेपणात होता. तो तिथे कसा जातो हे ओळखीचं आहे: रिकाम्या प्रोजेक्टमध्ये आधी टाइल्सचा पार्श्वनकाशा ओढला जातो, प्रोजेक्ट त्याची सीआरएस (निर्देशांक-पद्धत) उचलतो, आणि पुढे लेयर सेव्ह करताना यादीतून 'प्रोजेक्ट सीआरएस' निवडली जाते. वेब मर्केटरचं एकक मीटर असलं तरी तो मीटर फक्त विषुववृत्तावर खरा. तिथून दूर जावं तशी लांबी अक्षांशाच्या कोसाइनने भागल्याइतकी फुगते: ६० अंशांवर दुप्पट, आमचा भाग ४५ अंशांच्या आसपास होता तिथे सुमारे १.४१ पट. नकाशावरचे ५०० जमिनीवर ३५४ होतात ते यामुळे. क्षेत्रफळ तर थेट निम्मं. आणि इमारतींची यादी याच निम्म्या पट्ट्यावरून काढलेली!

मला यातली वाईट गोष्ट ही वाटते की सॉफ्टवेअर इथे गप्प राहतं. लेयर अक्षांश-रेखांशाच्या अंशांमध्ये, म्हणजे ४३२६ या कोडात असेल तर बफरच्या चौकटीत अंतराशेजारी 'डिग्रीज' दिसतं, इशाऱ्याचं चिन्ह येतं, आणि ५०० टाकलेच तर आकार इतका अवाढव्य होतो की कुणालाही कळतं. ३८५७ मध्ये मात्र शेजारी 'मीटर्स' लिहिलेलं असतं आणि निकालही पटण्याजोगा दिसतो. कार्टेशियन मोजणी त्यावर शिक्काही मारते.

दुरुस्तीसाठी बिंदूंचा लेयर नव्या फाइलमध्ये एक्स्पोर्ट केला, सीआरएस त्या भागाचा यूटीएम झोन. यूटीएममध्ये जग ६-६ अंशांच्या उभ्या झोनमध्ये वाटलेलं असतं आणि झोनच्या आत मीटर जवळपास खरा असतो. झोन काढायला रेखांशात १८० मिळवून ६ने भागायचं, अपूर्णांक सोडून १ मिळवायचा. उत्तर गोलार्धात कोड ३२६ने सुरू होतो, दक्षिणेत ३२७ने, पुढे झोनचे दोन अंक. इथे 'सेट लेयर सीआरएस' वापरू नये. त्याने आकडे बदलत नाहीत, नुसती पाटी बदलते, आणि अंशांच्या लेयरला ३८५७ची पाटी लावली तर सगळे बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात, शून्य-शून्यापाशी जाऊन पडतात. यूटीएममध्येही झोनच्या मध्यरेषेवर प्रमाण ०.९९९६ असतं, पण ५०० मीटरला तो फरक २० सेंटिमीटरचा. काम अनेक झोनमध्ये पसरलं असेल तर पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसातल्या 'जिऑग्राफी' प्रकारावर बफर काढणं सोपं.

बफरच्या चौकटीतले 'सेगमेंट्स' बहुतेक जण पाहतच नाहीत. मूळ आकडा ५ असतो, तो पाव वर्तुळासाठी. म्हणजे वर्तुळ नव्हे, वीस बाजूंचा बहुभुज. ५०० मीटरला प्रत्येक बाजूचा मध्य ६ मीटर आत येतो आणि क्षेत्रफळ सुमारे १.६ टक्के घटतं. सेगमेंट्स ३६ केले की हीच तूट १२ सेंटिमीटरवर येते. शिरोबिंदू वाढल्याने फाइल फुगते, म्हणून जिओजेसन काढताना 'कोऑर्डिनेट प्रिसिजन' १५ वरून ६ वर आणली. सहावा दशांश अक्षांशात ११ सेंटिमीटर, याहून बारीक इथे कशालाच नको.

नवा पट्टा चढवल्यावर तो लीफलेटच्या सर्कलशी एक-दीड मीटरच्या आत जुळला. लीफलेट पृथ्वीला ६३,७१,००० मीटर त्रिज्येचा गोल धरतो, उरलेला फरक त्याचा.

इमारतींची यादी नव्याने काढली तेव्हा दुसरंच निघालं. क्यूजीआयएसच्या 'सिलेक्ट बाय लोकेशन'मध्ये 'इंटरसेक्ट' असल्याने कडेला नुसती शिवणारी इमारतही यादीत येत होती. ब्राउझरमध्ये मात्र अंतर बदललं की मोजणी इमारतीच्या मध्यबिंदूवरून व्हायची, त्यामुळे लांबलचक गोदामं एका यादीत आत, दुसरीत बाहेर. कोणता नियम धरायचा हे ग्राहकाला लेखी विचारलं. 'शिवली तरी आत' असं उत्तर आलं, आणि ब्राउझरमधली मोजणी मध्यबिंदूऐवजी इमारतीच्या कडेच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासूनच्या अंतरावर नेली. जवळचा बिंदू कोपराच असतो असं नाही, बाजूवरही असतो, म्हणून नुसते शिरोबिंदू तपासून भागलं नाही.