‘आते तिनं तिले दखू द्या!’

मुलीचा आजार अजून तुम्हीच का सांभाळता, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी खताची पावती फाडता फाडता एवढं बोलणं होत नाही. अमळनेर तालुक्यात आमचं कृषी केंद्र आहे. मुलगी यंदा अकरावीत गेली. तिला टाइप वन डायबेटीस आहे हे गावाला माहीत आहे, त्यामुळे काउंटरच्या पलीकडून कोणीतरी म्हणतंच, “भाऊ, पोर मोठी व्हयनी, आते तिनं तिले दखू द्या ना!” म्हणजे आता तिचं तिला बघू द्या; सुई तिची ती टोचते, साखर मोजायचं मीटरही तिचं ती बघते, मग आईबाप अजून मागे मागे कशाला, असा त्याचा अर्थ.

तर सुई आम्ही कधीच तिच्या हातात दिली. अख्खा आजार मात्र दिलेला नाही, आणि एवढ्यात देणारही नाही.

आधी एक गोष्ट, कारण निम्मे लोक तिथेच अडकतात. हा आजार गोड खाऊन होत नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. इन्शुलिन बनतच नाही, म्हणून ते बाहेरून, रोज, आयुष्यभर द्यावं लागतं. कारल्याचा रस, झाडपाला, कुणाचा हातगुण, याने त्या पेशी परत येत नाहीत. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोला ज्या रुग्णाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं तो लिओनार्ड थॉम्पसन १४ वर्षांचा होता. त्याआधी अशी पोरं वाचतच नव्हती.

आता ‘मोठी झाली’बद्दल. तुम्हाला वाटतं वय वाढलं की काम सोपं होतं. या आजारात बरोबर उलटं आहे. वयात येताना अंगात जी संप्रेरकं वाढतात ती इन्शुलिनला नीट काम करू देत नाहीत. लहानपणी दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण ०.७ ते १ युनिट इन्शुलिन पुरतं, तेच या वयात १ च्या वर जातं, काहींना २ पर्यंत लागतं. पहाटे साखर आपोआप चढते. पाळीच्या आधीचे काही दिवस अनेक मुलींची साखर वर राहते. म्हणजे पोरीने सगळं वेळेवर आणि मोजून करूनही सकाळी मीटर २५० दाखवू शकतं. त्याच वर्षात क्लास, परीक्षा, मैत्रिणींसमोर सुई काढायची लाज, आणि ‘मलाच का’ हा प्रश्न. नेमक्या त्या वेळी आपण अंग काढून घ्यायचं, हे मला तरी पटत नाही.

म्हणून आमच्या घरात वाटणी आहे. साखर कधी बघायची, किती जेवायचं, किती युनिट घ्यायचं, हे ती ठरवते. सुईची जागाही ती बदलते, कारण एकाच ठिकाणी टोचत राहिलं की तिथे गाठ धरते आणि औषध नीट शोषलं जात नाही. साखर उतरली तर खायला दप्तरात ग्लुकोज आहे का, ते मी उघडून बघत नाही. आमच्याकडे राहिलं ते चार बाबतींत: साठा, गारवा, रात्र आणि दुखणंखुपणं.

साठा माझा, कारण माप हा माझा धंदा आहे. आपल्याकडे इन्शुलिनची बाटली ४० ची मिळते आणि १०० चीही, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये तितकी युनिटं. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. अदलाबदल झाली तर काय होतं बघा: १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, दट्ट्या २० च्या खुणेवर, तर अंगात जातात ५० युनिटं. फवारणीच्या औषधात कोणी अडीचपट माप घातलं तर पीक करपतं, हे मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो. इथे तर पोरगी आहे. घरी ती इन्शुलिन टोचायचं पेन वापरते, पण पेन बिघडलं तर हाताशी असावी म्हणून बाटली ठेवतो, आणि तिच्यासोबत सिरिंजही मीच बघून आणतो.

गारवा म्हणजे आपला खानदेशी उन्हाळा. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, चालू असलेलं साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण ‘बाहेर’ म्हणजे ३० अंशांच्या आत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो आणि त्यात लाइट जाते. मग मोठ्या माठात वाळू, वाळूत लहान मडकं, मधली वाळू ओली, आणि आतल्या मडक्यात डबीत बंद केलेलं इन्शुलिन. कोरड्या उन्हाळ्यात हे झकास चालतं, पावसाळ्यात दमट हवेत तितकं नाही. बर्फात मात्र कधी पुरू नका, गोठलेलं इन्शुलिन वाया गेलं. गाडीच्या डिकीचंही तेच, ती तर भट्टीच.

रात्र तिच्या आईची. नवरात्रात आमच्याकडे गरबा जोरात असतो, आणि तीन तास नाचून आलेल्या पोरीची साखर घरी पोचल्यावर ठीक दिसते, पहाटे मात्र धाडकन उतरते. झोपलेल्या माणसाला ते कळेलच असं नाही. त्या रात्री आई गजर लावून उठते आणि बोटाला टोचून बघते. साखर ७० च्या खाली गेली की तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातली चरबी साखर लवकर चढू देत नाही.

आणि ताप-उलटीचा दिवस. त्या दिवशी वाटणीबिटणी काही नाही, सगळं आमच्या हातात. ‘पोरीने काही खाल्लं नाही, मग इन्शुलिन कशाला’ हा विचार जीवघेणा आहे. न खाताही इन्शुलिन लागतं, डोस किती ते डॉक्टरांना फोन करून ठरवतो. पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, श्वास जोरात चाललाय, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय, असं असलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

खाण्याचं विचारतातच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती खापरावरची पुरणपोळी खाते, आमरसही घेते. अडचण पोळीची नाही, आग्रहाची आहे. तिचं जेवणाचं इन्शुलिन साधारण पंधरा मिनिटं आधी जातं, त्यामुळे किती खाणार हे तिला तेव्हाच ठरवावं लागतं. नंतर आत्या “घे माय, सणाचं आहे” म्हणत ताटात दुसरी पोळी टाकते, त्या पोळीचा हिशेब सुईत नसतो. लगेच दुसरी आत्या म्हणते, “हिला काय वाढता, हिला साखर आहे.” मग पोरगी उठूनच जाते. मी दोघींना हात जोडून सांगितलंय, तिला विचारून वाढा, एवढंच. एरवी कळण्याची भाकरी आणि भरीत सगळ्या घरालाच चालतं. तिच्यासाठी वेगळं ताट आम्ही कधी केलं नाही.

आता सगळ्यात नाजूक जागा. मुलगी दारातून आत आली की तोंडातून पहिलं निघतं, “किती आली?” डायबेटीसच्या घरात हे दिवसाला पाच वेळा होतं, आणि पोरं मग आकडे लपवायला शिकतात, खोटे लिहायलाही शिकतात. आमच्याकडे आकड्यांची बोलणी फक्त रविवारी सकाळी होतात, वही आणि मीटर समोर ठेवून. ‘का वाढली’ असं विचारायचं नाही, ‘डोस बदलायचा का’ असं विचारायचं. वाढलेल्या आकड्यावर ओरडा बसला नाही, तरच पुढचा आकडा खरा मिळतो. रोज न विचारता राहणं हे मला सुई टोचण्याहून अवघड जातं, ही वेगळी गोष्ट.

“लग्नाचं काय?” हाही प्रश्न येतो, आवाज खाली करून. मुलाच्या बापाला तो कोणी विचारत नाही. आजार लपवणार नाही, एवढं आमचं ठरलंय. साखर ताब्यात ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने टाइप वनच्या बायका बाळंतपणंही सुखरूप करतात. बाकी तिला जेव्हा बोलायचं असेल तेव्हा ती बोलेल.

दवाखान्यात हल्ली ती आधी एकटी आत जाते आणि आम्हाला नंतर बोलावतात. आत काय बोलली ते मी विचारत नाही, तिची आई विचारते. बारावीनंतर नाशिकला किंवा पुण्याला शिकायला जायचं तिच्या मनात आहे. तोवर साठा आणि गारवा तिच्याकडे जाईल, तालीम दिवाळीनंतर सुरू करतोय. रात्र आणि आजारपण तिथे कोण बघणार, हा खरा पेच आहे. खोलीतल्या मुलीला आजार आणि ग्लुकोजची जागा माहीत असलीच पाहिजे, ही आमची अट. ती म्हणते, “पप्पा, सांगेन, पण ओळख झाल्यावर.” आई म्हणते, पहिल्याच रात्री. सध्या घासाघीस तिथे अडलीय.